घेतलं समजा

तुम्ही आप्पांना ओळखता. कोरेगावात कधी उतरला नसाल, तरी ओळखता. जुनी मोटारसायकल विकायला काढा, म्हैस काढा, कडबाकुट्टी काढा, पहिला फोन आप्पांचा. टायर कुठल्या साली बदलले, म्हैस कितव्या वेताची, कुट्टीला पाती नवीन की धार लावलेली, सगळं खोदून विचारून झालं की पलीकडून ठाम आवाज येतो, "घेतलं समजा!" मग आपण समजून बसायचं.

आमच्या चुलत्यांच्या विहिरीवर कूपरचं जुनं डिझेल इंजिन होतं. विजेची मोटर बसल्यापासून त्याला कुणी हँडल मारलं नव्हतं. फ्लायव्हीलवर घोरपडवेल चढला होता आणि पाण्याच्या टाकीत कोंबडी अंडी घालायची. पण कूपर म्हणजे आमच्या तालुक्याची शान. धनजीशा कूपर यांनी 1922 साली सातारा रोड स्टेशनजवळ कारखाना काढला, लोखंडी नांगर ओतले, उसाचे चरक ओतले, पुढे इंजिनं केली. हेच कूपरसाहेब 1937 मध्ये साडेतीन महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हा विहिरीवरचा तो गंजही खानदानी होता.

भंगारवाला किलोवर मागत होता, ते चुलत्यांच्या जिवावर आलं. माझ्या पुतण्याने जुन्या यंत्रांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले आणि ऑनलाइन लिलाव पुकारला. रविवारी रात्री नऊपर्यंत ज्याची बोली मोठी, त्याचं इंजिन. सांगलीकडचे एक गृहस्थ पाचशे-पाचशेने चढत 38,500 वर येऊन थांबले. नवाला मिनिट कमी असताना आप्पा उतरले. 41,000. खाली अंगठा. त्याच्या खाली, "घेतलं समजा."

सोमवारी फोन केला. पूर्ण वाजला. मेसेज केला, दोन निळ्या रेघा आल्या. वाचलं होतं, पण उत्तर नाही. माणूस आजारी असेल म्हणावं, तर सकाळी सहाला स्टेटस बदललेलं. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि माणसाने शब्दाला जागावं अशा अर्थाचा सुविचार. बुधवारी एकदाचे फोनवर सापडले.

"आप्पा, इंजिनाचं काय?"

"अवो, घेतलंय की! टेंपो सांगितलाय. तेवढी अमावस्या हू द्या."

अमावस्या झाली. मग टेंपोवाल्याची मेव्हणी बाळंत झाली. मग आप्पांना कुणीतरी सांगितलं की एवढं वजन मंगळवारी हलवू नये. पुतण्या वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. त्याने 1930 च्या मालविक्री कायद्याचं 64 वं कलम मराठीत लिहून पाठवलं की हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की विक्री पक्की. आप्पांनी त्या मेसेजला हात जोडलेलं चित्र पाठवलं. कलम घेतलं समजा.

सरकारी ई-लिलावाकडे आप्पा फिरकत नाहीत, कारण तिथे आधी अनामत भरावी लागते. ईबेने 2004 साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात लिलावाचं मोठं दुकान थाटलं आणि 2018 मध्ये ते बंद पडलं. त्या पापात आप्पांचा वाटा नाही. तेव्हा त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावी सरपंचपदाला 2 कोटी 5 लाखांची बोली लागल्याची बातमी आली, तेव्हा मात्र ते चार दिवस अस्वस्थ होते. "आपुन असतो तर अडीचला न्हेली असती," म्हणाले.

"आणि पैसे?"

"कसले पैसे? आयोगानं निवडणूकच रद्द केली की!"

जानेवारी 2021 मधला निवडणूक आयोगाचा तो निर्णय आप्पा अजून आदराने सांगतात. बोली लागली, गाजली, आणि कुणाला दमडी मोजावी लागली नाही. लिलाव असावा तर असा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. हाच माणूस गावात, समोरासमोर, कधीही अडकलेला नाही. नवरात्रानंतर देवीच्या साड्यांचा लिलाव होतो. साडी दोनशेवर रखडते, पुकारणाऱ्याचा घसा बसतो, बाया एकमेकींकडे बघतात. मागून आप्पांचा आवाज येतो, "तीनशे!" मंडप जागा होतो. पाचशे, सातशे, हजार. आप्पा चढत राहतात आणि समोरच्याच्या तोंडावरची एक रेघ हलली की गप्प होतात. साडी कायम दुसऱ्याच्या घरी जाते, देवीच्या पेटीत तिप्पट पैसे पडतात. त्यांची सून म्हणते, मामंजींनी आजवर एक पोलकंसुद्धा जिंकलं नाही.

आल्याचंही तेच. आमच्याकडे आलं गाडीवर विकतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. व्यापारी शेतात आला की शेजारीपाजारी आप्पांना बोलावून घेतात. व्यापारी एक गड्डा उपसतो, माती झटकतो, बोट मोडून वास घेतो, तोंड वाकडं करतो आणि भाव सांगतो. आप्पा गड्ड्याकडे बघतच नाहीत. त्यांचं लक्ष व्यापाऱ्याच्या दुसऱ्या हाताकडे. तो हात खिशातल्या मोबाईलकडे गेला की माणसाला माल हवाय, कमरेवर राहिला तर नकोय. "अजून हजार चढतोय, गप ऱ्हावा," असं ते शेतकऱ्याच्या कानात सांगतात आणि व्यापारी चढतो. यात आप्पांची दलाली एक कप चहा. बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्यांत त्यांची उमेदवारी झाली. पुसेगावच्या यात्रेत नुसत्या बोटांच्या दाबावरून समोरच्याची गरज ओळखायचे, असं जुनी माणसं सांगतात.

2023 साली आल्याच्या भावाने विक्रम केला आणि पुढे दीडदोन वर्षांत तो आपटला. तेव्हापासून व्यापारी शेतात कमी येतात. फोटो मागवतात, भाव मेसेजवर टाकतात, बाजार पडला की फोन बंद. आप्पांना बोलावून करायचं काय? ते चावडीपाशी बसून मोबाईलवर बोल्या लावतात. पलीकडच्याचा ना हात दिसतो ना तोंड. कुठे थांबायचं ते कळत नाही आणि लिलाव गळ्यात पडतो. सांगलीचे गृहस्थ समोर उभे असते, तर आप्पा बरोबर अडतीसला गप्प झाले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी आम्ही सांगलीकरांनाच फोन केला. समोरून गरज दिसल्यावर त्यांनी अडीच हजार पाडून मागितले. 36,000 ला सौदा झाला. ते टेंपो घेऊन आले तेव्हा बांधावर आप्पा हजर. कुणी सांगितलं देव जाणे. इंजिन सुरू करून बघावं म्हणून पोरं हँडलशी झटत होती, ते नुसतं खोकत होतं. आप्पांनी पोरांना बाजूला सारलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली, कुठेसं तेलाचं बोट फिरवलं, व्हॉल्व्ह उचलून धरायला लावला आणि फ्लायव्हीलला जोर देऊन ओरडले, "सोड!" धुराचं एक काळं कडं वर गेलं आणि इंजिन धपधप चालू लागलं. चुलते डोळे पुसायला उपरण्याचं टोक शोधत होते. सांगलीकरांनी भारावून जाऊन आप्पांना पाचशेची नोट देऊ केली. आप्पांनी हात मागे घेतला.

रात्री त्यांचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून.

"कितीला दिलंत?"

"छत्तीस."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग दुखावलेला आवाज आला, "माझी एक्केचाळीसची बोली असताना छत्तीसला? अवो, दादा, निदान एक फोन तरी करायचा व्हता!"