टर्बो निघाला कल्याणला

चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की सरकार गाडीला लहान समजतं. 2025 च्या सप्टेंबरपासून लहान गाडीला जीएसटी 18 टक्के आणि मोठीला 40. तेव्हा शहाणा मध्यमवर्गीय एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन घेतो आणि त्यावर टर्बो असला की मोठेपणाची हौसही भागवून घेतो. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चक्रं. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक गरगरतं आणि त्याच्या जिवावर दुसरं इंजिनात जादा हवा कोंबतं. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. स्विस असला तरी वृत्तीने डोंबिवलीकर. धूरसुद्धा फुकट जाऊ द्यायला तयार नाही.

अशी गाडी आमच्या दारात आली आणि पेट्रोलवरून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात मी. दुसऱ्यात मेहुणा. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याची मतं पक्की आहेत.

बायकोच्या मामेबहिणीचा साखरपुडा कल्याणला होता. घोडबंदर रोडवरून निघायचं, वाटेत डोंबिवलीला सासऱ्यांना घ्यायचं आणि पुढे कल्याण. ठाण्यातच पंपावर गाडी लावली.

"साधं का प्रीमियम?" पंपावरच्या पोराने विचारलं.

"भाऊजी, टर्बोत साधं घालताय?" हे मेहुण्याने मागून अशा आवाजात विचारलं की शेजारचा स्कूटरवालासुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागला.

प्रीमियमला लिटरमागे सात-आठ रुपये जास्त पडतात. कंपनीगणिक नाव वेगळं: एक्सपी 95, पॉवर 95, स्पीड. शंभर ऑक्टेनचं तर संस्थानच निराळं. इंडियन ऑईलने 2020 च्या डिसेंबरात एक्सपी 100 आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता. ते घालायचं तर आधी गाडीला पाटावर बसवून ओवाळायला हवं. आपल्या गाडीला नक्की काय लागतं हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते सहसा कुणी वाचत नाही, कारण वाचलं तर वाद संपतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हे सांगितलं की मेहुण्याचा चेहरा पडतो, पण इलाज नाही. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 गुण दिले, हेप्टेनला शून्य, आणि पेट्रोल या दोघांच्या मधे कुठे बसतं ते मोजलं. जितके गुण जास्त तितकं ते पेट्रोल दाब आणि उष्णता सोसतं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आत आपलं आपण पेटत नाही. टर्बोत दाब जास्त, म्हणून तिथे सोशिक पेट्रोल लागतं. सोसलं नाही तर आत टकटक सुरू होते, तिला गॅरेजवाले नॉकिंग म्हणतात. त्यासाठी इंजिनाला एक सेन्सर लावलेला असतो. चाळीत भिंतीला कान लावून बसलेल्या शेजारणीसारखा तो आतली प्रत्येक टकटक टिपतो आणि लगेच वर कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो, ताकद थोडी घटते, प्रकरण मिटतं. म्हणजे ज्या गाडीसाठी कंपनीनेच साधं चालेल असं छापलंय, तिच्यात ते घातलं म्हणून इंजिनाचे तुकडे रस्त्यावर पडत नाहीत.

त्यात 2025 पासून साधं पेट्रोलही साधं राहिलेलं नाही. वीस टक्के इथेनॉल, म्हणजे टाकीतला पाचवा हिस्सा ऊस, मका आणि तांदूळ. इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच शंभराच्या वर, त्यामुळे आता साध्याचाही 95 आहे असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. (इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. अॅव्हरेज पडलं म्हणून पंपावरच्या पोराशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) मग 95 च्या प्रीमियमला जादा पैसे कशाचे? मुख्यतः आतली काजळी धुणाऱ्या रसायनांचे.

"दोन हजारांचं साधं टाक," मी म्हणालो.

"झिरो बघा, साहेब," पोरगा म्हणाला. मी झिरो बघितला. मेहुण्याने आकाशाकडे बघितलं.

कापूरबावडी ते माजिवडा हा प्रवास पहिला गिअर आणि न्यूट्रल यांच्या सहकार्याने पार पडला. पायाचा अंगठा टेकवण्यापुरता अॅक्सिलरेटर दिला की इंजिनाच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षाही कमी असतो. टर्बो तेव्हा असून नसल्यातच जमा. खारेगावला एका कंटेनरच्या मागे इतका वेळ उभे होतो की त्याच्या पाठीवरची सगळी शायरी बायकोने मोठ्याने वाचून दाखवली आणि शुद्धलेखनही तपासलं.

खरी परीक्षा मुंब्रा बायपासला. डावीकडे खाडी, उजवीकडे पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवी आणि समोर चढ. साऱ्या प्रवासात इंजिनाला भार पडतो तो इथे.

"आता दाबा, भाऊजी! चढालाच तर टर्बो लागतो!"

दाबला. खरं सांगायचं तर त्या दोन सेकंदांत मला मेहुण्याचं सगळं पटलं. पाठ सीटला टेकली, बायकोच्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा माझ्या कोपराशी आला, मागून "आई गं" ऐकू आलं. गाडी अख्ख्या एका कंटेनराच्या पुढे गेली आणि दुसऱ्या कंटेनराच्या मागे उभी राहिली. टकटक काही ऐकू आली नाही. ती व्हायचीच असेल तर चढावर वरचा गिअर तसाच ठेवून पाय दाबला की होते. त्यावर उपाय गिअर खाली टाकणे, आणि तो कुठल्याही पंपावर विकत मिळत नाही.

याच पारसिकच्या डोंगरातून, 1916 सालच्या बोगद्यातून, मेल-एक्सप्रेस निघून जाते. कल्याणला तर गाडी 1854 च्या मे महिन्यातच पोचली. आम्ही शिळफाट्याच्या सिग्नलला होतो.

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो बाराचं काम चालू आहे. बाकी काही चालू नाही. पत्र्यांची कुंपणं, मधे खांब, दोन्ही बाजूंना आम्ही. काटई नाक्यापर्यंत मेहुण्याने शंभर ऑक्टेनची थोरवी सांगून संपवली आणि मानपाड्याला तो झोपला.

सासरे डोंबिवली पूर्वेला कोपऱ्यावर छत्री घेऊन उभे होते. सारी नोकरी व्हीटी लोकलमध्ये उभ्याने काढलेला माणूस. गाडीत बसायला मिळालं की त्यांना उलट अवघडल्यासारखं होतं. मेहुणा जागा झाला आणि त्याने माझी तक्रार त्यांच्यापुढे मांडली.

"आमच्या स्कूटरला एकच प्रकार होता," ते म्हणाले. "पेट्रोल घालायचं, वरून मापाने टू-टी ऑईल ओतायचं आणि दोन्ही हातांनी स्कूटर गदागदा हलवायची. मिसळलं की झालं. तुमच्या ह्या प्रीमियमला जादा किती पडतात, जावईबापू?"

"लिटरला सात-आठ रुपये, बाबा."

"कल्याण ते डोंबिवली लोकलचं तिकीट पाच."

यावर मेहुणा काही बोलला नाही. मीही नाही. खरं तर मला माळशेज घाट आठवत होता: गाडीत पाच माणसं, एसी चालू, मे महिन्याचं ऊन आणि लांबलचक चढ. तिथे आणि ज्या गाडीच्या पट्टीवर वरचा आकडा छापलाय तिथे मी प्रीमियम घालीन, कुरकुर न करता घालीन. ठाणे-डोंबिवलीला मात्र पेट्रोलने काय सोसायचं? सोसतो तो क्लच.

साखरपुडा छान झाला. जेवणं झाल्यावर बाबांनी छत्री उचलली. "तुम्ही या सावकाश. मी गाडीने जातो," म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले.

आम्ही पत्रीपुलापाशी पोचलो. 1914 सालचा जुना पूल 2018 मध्ये पाडला, 2021 च्या जानेवारीत नवा झाला आणि त्यावर उभं राहायची सोय पूर्वीपेक्षा प्रशस्त झाली. अर्धा चढ चढून हँडब्रेक ओढला तोच बायकोचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

"मी घरी पोचलो," बाबा म्हणाले. "दूध तापवून झालं. तुम्ही कुठे?"

"पत्रीपुलावर, बाबा."

"चढ आहे ना तो? मग लागला असेल टर्बो."