यात खोत कुठे आहेत?

महालक्ष्म्यांचं विसर्जन होऊन एकच दिवस झाला होता. फ्रिजमध्ये पुरण होतं, बैठकीतली आरास अर्धी उतरवलेली होती. तेवढ्यात लेक येऊन म्हणाली, "बाबा, तुंबाड परत लागला. आम्ही पाच जणी रविवारी जाऊन राहिलो."

परवानगी मागायची ही आमची नागपुरी पद्धत. ‘जाऊ का?’ असं इथे कोणी विचारत नाही. ‘जाऊन राहिलो’ म्हणून कळवतात, आणि समोरचा आडवा आला नाही तर गेलेच समजायचं.

तारीख 13 सप्टेंबर 2024. ऑक्टोबर 2018 मध्ये हा सिनेमा आला तेव्हा आमच्या ओळखीतलं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. आता तो पुन्हा लागला आणि पोट्ट्यांच्या तोंडी एकच नाव, त्यातल्या राक्षसाचं, हस्तर. मी फोनवर पाहिलं. सिनेमाच्या नावाशेजारी ‘ए’.

"हे बघ, ए आहे. अठरा पूर्ण लागतात. तू पंधराची."

"त्यात जो पोट्टा विहिरीत उतरतो, तो तरी कुठे अठराचा आहे? तो उतरलेला चालते, आणि मी खुर्चीत बसलेली नाही चालत?"

मी म्हणालो, प्रश्न उतरण्याचा नाही, मनावर होणाऱ्या परिणामाचा आहे. कोवळं मन, भीषण दृश्यं वगैरे. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. वकील देतात तसं. मग म्हणाली, "मी तीन वर्षांची होती तेव्हा मला खांद्यावर घेऊन इतवारीत मारबत दाखवायला कोण गेलं होतं?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. दोन मजली घराएवढे वाटावेत असे बायांचे पुतळे, बटबटीत डोळे, काळीच्या तोंडाबाहेर जीभ. मागून बडग्यांचे पुतळे, ढोल, गुलाल, आणि रोगराईपासून महागाईपर्यंत सगळ्यांना ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणारी अफाट गर्दी. शेवटी तिला जाळतात. आणि हे सगळं बघायला आम्ही नागपूरकर दुधपित्या लेकरांना टोपरी घालून नेतो. लेकीनं तेव्हा माझे केस दोन्ही मुठींत असे धरले होते की डाव्या बाजूला ते पुन्हा नीट उगवलेच नाहीत. त्या कार्यक्रमाला सर्टिफिकेट नसतं.

मुद्दा बिनतोड होता. अशा वेळी बाप जे करतो तेच मी केलं: कमिटी नेमली.

कमिटी आपल्या मनानं नेमायची नाही म्हणून नियम पाहिले. सेन्सॉर बोर्डाच्या तपासणी समितीत चार सदस्य आणि एक अधिकारी असतो, त्यांत दोन बायका हव्यात, अशी जुन्या नियमांतली रीत. कायदा 1952 चा. ‘यूए’ हा प्रकार 1983 मध्ये आला. त्याचा अर्थ, बाराच्या आतल्या लेकराला आईबापांनी विचार करून दाखवावं. आणि ‘ए’ म्हणजे अठराच्या पुढे. म्हणजे बारा ते अठरा या वयाकडे कायद्यानं चाळीस वर्षं पाहिलंच नाही. ज्यांच्या घरी या वयाचं कोणी आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. आम्हीही शक्यतो पाहत नाही. शेवटी 2023 च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे 7, 13 आणि 16 असे तीन तुकडे केले, आणि ठरवायचं पुन्हा आईबापांनीच. सरकारनं चेंडू बापाच्या अंगणात टाकला. आमचं तर अंगणही नाही, फ्लॅट आहे.

तर आमची समिती. बायको, कारण तिला विचारल्याशिवाय समितीच नेमता येत नाही. साळा, कारण तो महालक्ष्म्यांना आला होता आणि पुरण संपेपर्यंत जाणार नव्हता. अधिकारी मी. आणि आई. वय 78. आईला मी घेणार नव्हतो, पण सिनेमाचं नाव कानावर पडताच ती आपणहून म्हणाली, "पेंडशांची कादंबरी ना? बघते मी."

मी सांगितलं की श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून फक्त नाव घेतलं आहे, गोष्ट ती नव्हे. आई म्हणाली, "दोन्ही खंड वाचले मी. कळेल मला." चौथी जागा रिकामीच राहिली.

या कामाला मी किती लायक होतो, हेही सांगायला हवं. 1984 मध्ये रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला तेव्हा मी नववीत होतो. मोठ्या भावाची फुलपँट घालून आम्ही तिघं सीताबर्डीजवळच्या एका टॉकीजवर गेलो. दारावरच्या माणसानं वय विचारलं. माझे दोघे मित्र ‘अठरा’ म्हणाले आणि आत गेले. मीही ‘अठरा’ म्हणालो, पण ‘अठ’ जाड आवाजात आणि ‘रा’ बारीक आवाजात निघाला. त्यानं माझी मानगूट धरून मला सायकल स्टँडवर आणून सोडलं.

मित्रांच्या सायकलींच्या चाव्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे घरी जाता येईना. स्टँड टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून. बाहेर पडायच्या दाराला फट. अडीच तास मी ‘पुराना मंदिर’ ऐकला. करकरणारं दार. पावलं. बाई किंचाळली. मग काहीच नाही. मग एकदम तीनशे माणसं किंचाळली. काय झालं असेल? मित्र बाहेर आले ते हसत, चिवडा खात. त्या रात्री ते झोपले. मी आठ दिवस आईच्या खाटेखाली अंथरूण घातलं. पुढे टीव्हीवर तो सामरी पाहिला तेव्हा फार वाईट वाटलं. माझा सामरी त्याहून किती चांगला होता!

साळ्याचा दाखलाही कमी नाही. 1993 मध्ये महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ आला. विनोदी सिनेमा, सगळं घर डबे घेऊन गेलं. साळा सात वर्षांचा. सगळे लक्ष्याला हसत होते आणि हा रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याकडे, तात्या विंचूकडे, बघत होता. घरी येऊन त्यानं बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, डोळे मिटणारी बाहुली लोखंडी पेटीत घालून वर उखळ ठेवलं. आज तो चांगला मोठा आहे, बँकेत आहे, आणि माझ्याकडे झोपला की शोकेसकडे पाय करत नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला समिती बसली. टॉकीजचा प्रश्न कायद्यानंच निकालात काढला होता. घरच्या टीव्हीवर दाखवायचा का, एवढाच विचार होता. लेकीला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं, दार लोटलं, दिवे मालवले.

पहिल्या काही मिनिटांतच वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारचा नको तसला प्रसंग आला. भुताचा पत्ता नाही, पण आमच्या घरात त्या रात्री खरी घबराट तेव्हा झाली. बायको पाणी आणायला उठली. साळ्याला फोन आला, जो वाजला नव्हता. मी रिमोट दाबला. घाईत पुढे नेण्याऐवजी दहा सेकंद मागे नेला, आणि प्रसंग पुन्हा सुरू झाला. आई शांतपणे म्हणाली, "नीट लाव. आणि यात खोत कुठे आहेत?"

मग ती आजी आली. साखळीनं जखडलेली, शापानं कुजत पडलेली. तिला खायला घालताना ती जागी झाली तर हस्तरचं नाव घ्यायचं, की ती झोपते. मला ही युक्ती फार ओळखीची वाटली. आपल्याकडे आजी नातवाला बागुलबुवा येईल म्हणून निजवते. इथे नातू आजीला निजवतो. साळ्यानं उशी पोटाशी धरली होती. फोनवर वाचून तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, ही म्हातारी आणि पुढे येणारा नायकाचा, विनायकचा, पोरगा, दोन्ही कामं एकाच पोट्ट्यानं केली म्हणे. मोहम्मद समद." शाळकरी वयाचा मुलगा. त्याला तो मेकअप चढवून आरसा दाखवला तेव्हा त्याचं वय कोणी विचारलं असेल?

सिनेमा मध्यावर आला. सोहम शाहचा विनायक दोरावरून देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण काढतो, कणकेची बाहुली हस्तरपुढे टाकतो आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मोहरा ओढतो. आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो.

आई म्हणाली, "कणीक सैल आहे."

कोणी उत्तर दिलं नाही.

"महालक्ष्म्यांच्या सोळा दिव्यांना एवढी लागत नाही. आणि सगळी त्या मेल्याच्या तोंडात."

याच सुमारास साळा किंचाळला. पडद्यावर काहीच झालं नव्हतं. त्याचं बोट आतल्या खोलीच्या दाराकडे होतं. दाराखालच्या फटीत, उजेडाच्या पट्टीत, दोन पावलं उभी होती. हलत नव्हती.

तासभर लेक तिथे उभी होती. दाराला कान लावून. मी दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाबा, त्या आजीला तोंड नसते का?"

"असते की. काऊन?"

"आवाज पोटातून येऊन राहिला होता."

मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीची ती भिंत आठवली, सायकलींच्या रबराच्या वासासकट. मी म्हणालो, "ये, बस." अधिकाऱ्यानं सदस्यांचं मत न घेता असं करणं नियमात बसत नाही. मी सिनेमा मागे नेला (या वेळी मुद्दाम) आणि तिला ती आजी दाखवली. तिनं डोळे बारीक करून नीट पाहिली, सोफ्यावर पाय वर घेतले, आणि म्हणाली, "बस, एवढंच?" तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. फ्रिजमधली पुरणाची वाटी घेऊन ती उरलेला सिनेमा बघायला बसली.

पुढे विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, तयार करायला लागतो. रोज सराव. दोरावर चढ, उतर, हात चालव, घड्याळाकडे बघ, एक चूक झाली की संपलं. आणि पोरगा बापाकडे असा बघतो की त्याला फक्त शाबासकी हवी असते. लेक पुरण खाता खाता म्हणाली, "हे तर सेम आमच्या ट्यूशनसारखं आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं. दोन वर्षांची फी आम्ही जूनमध्येच एकरकमी भरली होती, सवलत होती. हस्तर लंगोट लावून समोर आला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. आता जरा सरकून बसलो.

शेवट सांगत नाही. संपल्यावर समितीची बैठक झाली. बायकोचं मत: दाखवायला हरकत नाही, पण पहिली वीस मिनिटं कापून. साळ्याचं मत: कोणालाच दाखवू नये, वयाचा संबंध नाही. मग त्यानं फोनवरून अशी माहिती वाचून दाखवली की सगळं कामकाजच थांबलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ही गोष्ट सुचली ती नागझिऱ्यात. 1993 मध्ये तिथे मुक्कामाला असताना मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते घाबरले. चार वर्षांनी, 1997 मध्ये, पहिला खर्डा लिहिला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

लेकीचं गणित चांगलं आहे. ती म्हणाली, "म्हणजे ऐकली तेव्हा चौदाचे."

नागझिरा म्हणजे काही परमुलूख नव्हे. भंडारा ओलांडून साकोलीवरून आत. आमचे लोक रविवारी डबा घेऊन जातात. रात्र पडली की तिथे हाताला हात दिसत नाही. त्या काळोखात एका चौदा वर्षांच्या पोट्ट्याला त्याच्या मित्रानं धारप सांगितला. तिथे एखादा माझ्यासारखा जबाबदार बाप असता, तर त्यानं बॅटरी लावून म्हटलं असतं, ‘पुरे आता, झोपा.’ आणि सिनेमा झाला नसता. शाळेत असताना मी स्वतः वाचनालयातून धारप आणून पांघरुणात वाचत होतो. ग्रंथपालबाईंनी विचारलं ते फक्त मागचं पुस्तक परत केलं का. ‘ए’ लागतो तो सिनेमाला. कथा सांगणाऱ्याला लागत नाही, ऐकणाऱ्याला तर नाहीच.

मी निकाल लिहून घेतला: टॉकीजमध्ये अठरानंतर. घरी, सोबत कोणी असेल तर, पंधराला चालेल. दाराआडून ऐकायला मात्र कोणत्याच वयात परवानगी नाही. बायकोनं आणि लेकीनं सही केली. साळ्यानं विरोध नोंदवला आणि स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर चालू ठेवावा अशी सूचना मांडली, ती एकमतानं मंजूर झाली. आईनं सही केली नाही. तिचं म्हणणं, पुस्तकातलं एकही माणूस सिनेमात नसताना सही कसली करायची?

त्या रात्री सगळ्यात आधी आई झोपली, आणि घोरली. पण आमच्याकडे उरलेली कणीक डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची पंचवीस वर्षांची पद्धत होती, ती त्या शनिवारपासून बंद झाली आहे. बंद कोणी केली, हे समितीच्या कागदांत नाही, आणि विचारलं तर चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आता रात्री कणकेचा गोळा उरला की कितीही वाजलेले असोत, त्याच्या पोळ्या लाटून होतात. सकाळी त्यांचा फोडणीचा चिवडा असतो.