शंभर मिलिवॉटचे मालक

तळघरात एक टेबल, त्यावर स्पंजची टोपी घातलेला मायक्रोफोन आणि दारावर 'ऑन एअर'चा लाल दिवा. दिवा आधी येतो, ट्रान्समीटर मागाहून. स्वतःचं रेडिओ स्टेशन काढणारा हा हौशी प्राणी अमेरिकेतल्या बऱ्याच उपनगरांत सापडतो. आमच्या ओहायोतल्या गल्लीत तो माझ्या समोरच राहतो. निवृत्त इंजिनियर. मी त्याला 'डायरेक्टर' म्हणतो. त्यानं अजून हरकत घेतलेली नाही.

हे बेकायदा नाही हं. इथल्या संचार आयोगाच्या नियमांत 'पार्ट १५' म्हणून प्रकरण आहे. त्यानुसार मीडियम वेव्हवर, ५१० ते १७०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, कुणीही बिनपरवाना बोलावं. फक्त ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॉटपेक्षा जास्त वीज द्यायची नाही, आणि अँटेना, तिची केबल, अर्थिंगची तार सगळं मिळून ३ मीटरच्या आत बसवायचं. शंभर मिलिवॉट म्हणजे किती? टॉर्चचा बल्बसुद्धा याहून जास्त खातो. शिवाय १६०० किलोहर्ट्झची लहर जवळजवळ १८७ मीटर लांब; तिच्या पाव भागाची म्हणजे ४७ मीटरची अँटेना हवी, तिथं याच्या हाती तीन मीटर. उरलेली कसर कॉइल गुंडाळून काढायची. एवढं करून आवाज पोचतो कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत.

याच ओहायोत, सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू स्टेशननं १९३४ साली पाच लाख वॉटवर प्रक्षेपण सुरू केलं होतं. म्हणजे याच्या पन्नास लाख पट. डायरेक्टर ही हकिकत सांगतो तेव्हा सूर मात्र 'आमच्याच धंद्यातले ते' असा असतो.

पार्ट १५ ची आणखी एक अट आहे : आपला त्रास कुणाला होता कामा नये, आणि दुसऱ्याचा होईल तो निमूट सोसायचा. जुन्या वाड्यातल्या धाकट्या सुनेला हेच कलम लागू असे. त्यामुळे एलईडीचे दिवे, डिमर, मोबाइलचे स्वस्त चार्जर हे त्याचे जन्माचे वैरी. आमच्याकडे चहाला आला की गप्पा माझ्याशी आणि नजर भिंतीतल्या प्लगांवर. नाताळात बाकीचे शेजारी केक आणून देतात. हा चार्जरच्या वायरीत अडकवायला फेराइटच्या कड्या देतो. इलेक्ट्रिक गाडीचा तर विषयच काढायचा नाही. तिच्या मोटारीची खरखर एएमवर येते, म्हणून काही कंपन्यांनी गाडीतला एएमच काढून टाकला, हे त्याच्या लेखी शतकातलं मोठं पाप.

त्याच्या हिरवळीखाली तांब्याच्या तारा पुरलेल्या आहेत, चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे. ओली जमीन वीज चांगली वाहते, म्हणून तो रोज पाणी घालतो. पलीकडच्या बाई त्याच्या बागकामाचं कौतुक करतात. गवत वाढतं, पण त्याला इलाज नाही.

आता कार्यक्रम. गाणी १९२३ च्या आधीची, कारण त्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क २०२२ च्या १ जानेवारीला संपला आणि ती फुकट झाली. मग हवामान. श्रोता त्याच ढगाखाली उभा असतो, तरी हा त्याला पावसाची शक्यता सांगतो. त्यानंतर वाहतुकीची खबर : 'रस्ता मोकळा आहे.' असणारच. रस्त्यावर गाडी एकच, त्याची. कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून लावून द्यायचा, आणि आपण गाडीत बसून, रेडिओ लावून, पायी चालणाऱ्याच्या वेगानं गल्ल्या पालथ्या घालायच्या, हा त्याचा दिनक्रम. नव्यानं राहायला आलेल्यांना तो घरं हेरणारा चोर वाटतो.

अंधार पडला की राज्य आटोपतं. दिवसा वातावरणाचा खालचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. रात्री तो विरळतो आणि वरच्या थरावरून उसळी मारून पाच-सातशे मैलांवरची धटिंगण स्टेशनं येऊन बसतात. डायरेक्टरची हद्द तेव्हा स्वतःच्या पायऱ्यांशी संपते.

मी लहानपणी पुणे केंद्र ऐकत वाढलो, ७९२ किलोहर्ट्झ, हे एकदा तोंडातून गेलं. त्यानं लगेच मला रविवारी सकाळचा अर्धा तास देऊन टाकला. मराठीतून. "पण समजणार कुणाला?" मी विचारलं. हा प्रश्न त्याला समजला नाही.

मी पुरणपोळीवर बोललो. कट कसा काढावा, कणीक किती सैल भिजवावी, पोळी तव्यावर फुगते तेव्हा घरात काय होतं, सगळं. मला स्वतःला बरं साधलं असं वाटलं. तेवढ्यात तो गाडी लावून घामाघूम आत आला.

"कसं झालं?"

"फार सुंदर!" त्यानं माझा हात धरून जोरजोरात हलवला. "पोस्टाच्या पेटीच्या पुढे दोन घरं!"