वाळूचे पैसे

(पशुखाद्याचं दुकान. दुकानदार अशा जातीचा, की आपला माल खपेल याचीच त्याला धास्ती.)

गिऱ्हाईक : बदकाच्या पिल्लांना जे जे लागतं ते सगळं द्या. यादी आणलीय. मल्टिव्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक, प्रोबायोटिक, प्रोटीन पावडर...

दुकानदार : पिल्लं किती?

गिऱ्हाईक : दोन.

दुकानदार : मला वाटलं, दोनशे. केवढी आहेत?

गिऱ्हाईक : तीन आठवड्यांची. मुलीनं हट्ट केला हो.

दुकानदार : खायला काय घालता?

गिऱ्हाईक : कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर. वर गवत, गांडुळं, उरलेला भात. आणि कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय.

दुकानदार : कोणाचं?

गिऱ्हाईक : आईचं. तिच्या गुडघ्यांसाठी आणलं होतं.

दुकानदार : आईला परत द्या. अंड्यावर न आलेल्या पिल्लाला जादा कॅल्शियम म्हणजे मूत्रपिंडाची वाट. आणि पिल्लांचे पाय कसे आहेत?

गिऱ्हाईक : हां, ते विचारायचंच होतं! एकाचे सांधे सुजल्यासारखे दिसतात. चार पावलं टाकतं नि बसतं. म्हटलं, आळशी असेल. आमच्या घरात तसं वळण आहेच.

दुकानदार : वळण पायांना पडेल, धनुष्यासारखं. नायसिन कमी पडतंय. कोंबडीच्या पिल्लाचं किलोभर खाद्यात तीस-पस्तीस मिलिग्रॅमवर भागतं, बदकाला 55 लागतं. ब्रुअर्स यीस्ट न्या.

गिऱ्हाईक : बिअरचं? आमच्याकडे माळकरी माणसं आहेत!

दुकानदार : चढत नाही. सुकवलेलं, मेलेलं यीस्ट असतं. वाटीभर खाद्याला मोठा चमचाभर. जरा पाणी शिंपडून कालवा, नाहीतर भुकटी तळाशी आणि पिल्लू उपाशी. बेकरीतलं जिवंत यीस्ट आणून हुशारी करू नका. दोन-चार दिवसांत पाय धरले नाहीत तर जनावरांचा डॉक्टर गाठा. मला फोन नको.

गिऱ्हाईक : आणि प्रोटीन पावडर?

दुकानदार : जिमला जातात का? पहिले दोन आठवडे वीसेक टक्के प्रथिनं, पुढे सोळा-अठरा बास. फार चारलंत की पंखाचं टोक बाहेर वळायची भीती.

गिऱ्हाईक : निदान टॉनिक तरी...

दुकानदार : (बाटली फळीवर आणखी आत सरकवत) वाळू न्या.

गिऱ्हाईक : वाळू?

दुकानदार : गवत, गांडुळं चारता ना? दात दिलेत का देवानं त्याला? नुसतं स्टार्टर असतं तर पाण्यात विरून गेलं असतं. बाकीचं दळायला पेठ्यात खडे लागतात.

गिऱ्हाईक : आग्र्याच्या?

दुकानदार : चिकनवाला कलेजीबरोबर देतो त्या!... हो, माळकरी नाही का तुम्ही. पोटातली जाड, मांसल पिशवी असते. ती आवळते, आतले खडे गवत भरडतात.

गिऱ्हाईक : मग वाळू कशाला विकत घेऊ? सोसायटीत बांधकामाची ढीगभर पडलीय.

दुकानदार : सिमेंट, तारा, खिळे यांच्यासकट. बदक चकाकतं ते गिळतं. ही बघा, चाळलेली, धुतलेली, बाजरीच्या दाण्याएवढी. खाद्यात मिसळायची नाही, निराळ्या वाटीत ठेवायची. लागेल तेवढी ते उचलतं. त्याला तुमच्यासारखी यादी लागत नाही. शेजारी पाणी ठेवा, नाकपुड्या बुडतील एवढं खोल. कोरडं खाद्य घशात अडकतं, नाकही तिथंच धुतात.

गिऱ्हाईक : शिंपल्याचा चुरा दिसतोय तो. तोही खडाच की!

दुकानदार : तो पोटात विरघळतो, कॅल्शियमच ते. ठेवा खाली! अंड्यावर आल्यावर, पाच-सहा महिन्यांनी या.

गिऱ्हाईक : आणि दोन्ही नर निघाले तर?

दुकानदार : तर येऊ नका.

गिऱ्हाईक : बरं, यीस्टचे किती झाले? वाळूचे काही लावत नसाल ना?

दुकानदार : वाळूचे नाहीत. धुतल्याचे आहेत.