विषय : गोठ्यातले विज्ञान मंडपात आणणेबाबत

प्रति,
सर्वपक्षीय सन्माननीय पुढारी,
अहिल्यानगर जिल्हा (उत्तर आणि दक्षिण, दोन्ही)

महोदय,

सदर अर्जदार आपल्याच मतदारसंघात राहतो, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो आणि दर पाच वर्षांनी आपल्यापैकी कुणाला तरी मत देतो. दोन्हींचा भाव त्याला आजवर स्वतः ठरवता आलेला नाही. त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. तक्रार वेगळीच आहे.

आपल्यापैकी एका पुढाऱ्याचा दौरा होता. सकाळी दशक्रिया, मग पशुपालक मेळावा, दुपारी तीन लग्नं, रात्री सप्त्यातलं कीर्तन. मेळाव्यात साहेबांनी फर्मास भाषण केलं. लिंगविनिश्चित वीर्यमात्रा वापरा, शंभरातल्या नव्वद वेळा कालवडच होते, गोऱ्ह्याची कटकट संपली, असं त्यांनी शेतकऱ्यांना पोटतिडकीने समजावलं. रात्री मंडपात एका तरुण कीर्तनकाराने सम तारखेला मुलगा आणि विषम तारखेला मुलगी हा जुनाच दाखला रंगवून सांगितला. मंडप हसला. पुढच्या सोफ्यावर साहेब होते आणि शेजारी त्यांचे कट्टर विरोधकही. एरवी कालव्याच्या पाण्यावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे त्या वाक्याला एका तालात माना डोलावत होते.

अर्जदाराचा गोंधळ इथून सुरू झाला. गाईच्या पोटी मादी हवी असेल तर विज्ञान, आणि सुनेच्या पोटी नर हवा असेल तर कालनिर्णय? एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडी आणि मानेवर?

त्या वीर्यमात्रेमागचं शास्त्र आपणच गावोगाव पोचवलंत. वळूच्या वीर्यात दोन प्रकारचे शुक्राणू असतात, एक्स आणि वाय. एक्स शुक्राणूत डीएनए साधारण चार टक्क्यांनी जास्त असतो, तेवढ्या फरकावरून यंत्र त्यांना वेगळं काढतं, आणि एक्सने गर्भ राहिला की कालवड होते. माणसातही लिंग ठरतं ते बापाकडून एक्स आला की वाय, यावरच. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी पिठातल्या किड्यांवर काम करून ही गोष्ट दाखवून दिली. म्हणजे किड्याला, वळूला आणि माणसालाही लागू असलेला नियम जिल्ह्यातल्या मंडपाच्या दाराशी येऊन चपला काढतो आणि बाहेरच थांबतो.

मुळात हा दाखला जिथून सुटला ती जागा आपल्याच जिल्ह्यातली. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे महाराष्ट्राचे इंदुरीकर महाराज. त्यांचं हे विधान फेब्रुवारी 2020 मध्ये गाजलं. अर्जदाराने महाराजांची कीर्तनं ट्रॅक्टरवर, डेअरीच्या ओट्यावर, लग्नाच्या गाडीत ऐकली आहेत. दारू, हुंडा, लग्नातला डामडौल यांवर हा माणूस बोलतो ते खोटं नाही. शिवाय महाराज स्वतः विज्ञानाचे पदवीधर आणि बी.एड. झालेले. त्यामुळेच वाक्य जास्त लागलं. निरक्षर माणूस बोलला असता तर अर्जदार हा कागद घेऊन बसला नसता.

धर्मग्रंथाचा आधार म्हणावा, तर तोही गडबडीत हातून निसटलेला. जुन्या वैद्यक ग्रंथांत सम आणि विषम रात्रींचा उल्लेख आहे खरा, पण तिथली मोजणी स्त्रीच्या ऋतुकाळापासून आहे. तेही शास्त्र नव्हे, पण निदान बाईचं शरीर त्याच्या हिशेबात होतं. महाराजांची तारीख मात्र इंग्रजी, रोमच्या पोप ग्रेगरीने 1582 साली दुरुस्त करून दिलेली. संस्कृतीच्या रक्षणासाठी पोपचं कॅलेंडर! आणि ही तारीख रात्री बाराला बदलते. शिवाय शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतो, बीज जेमतेम एक दिवस. संग सोमवारी आणि गर्भधारणा गुरुवारी, हे सहज होतं. मग तारीख कुणाची धरायची?

अर्जदाराने हिशेबही करून पाहिला. साध्या वर्षात सात महिने 31 दिवसांचे, चार 30 चे, फेब्रुवारी 28 चा. एकूण विषम तारखा भरतात 186 आणि सम 179. एकतीस तारखेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तारीख येते, दोन्ही विषम, म्हणून हा फरक. सिद्धान्त खरा असता तर दर हजार मुलांमागे 1039 मुली जन्माला यायला हव्या होत्या. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली होत्या 852. राज्याचा आकडा 894, म्हणजे आपण राज्याच्याही मागे. दहा वर्षांपूर्वी, 2001 ला, जिल्ह्यात 884 होत्या.

या मुली तारखेने गेल्या नाहीत, महोदय. त्या सोनोग्राफीच्या मशीनने गेल्या.

म्हणजे विज्ञान आपल्या जिल्ह्याला वर्ज्य नव्हतंच कधी. पोरगी आहे का हे बघायला ते चाललं, पोरगी का झाली हे समजून घ्यायला तेवढं चाललं नाही. आणि दर वेळी जिला ऐकून घ्यावं लागलं ती सून. पहिली मुलगी झाल्यावर घर गप्प, दुसरी झाल्यावर सासू बोलती, तिसऱ्या खेपेला डॉक्टरांचा पत्ता. वाय देणारा माणूस बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसलेला, आणि दोष एक्सशिवाय दुसरं काही देऊच न शकणाऱ्या बाईच्या माथी! अशा घरातल्या बायका त्या रात्री मंडपात बसल्या होत्या. भरल्या मंडपात, विणेकऱ्याच्या साक्षीने त्यांना सांगितलं जात होतं की तुमची तारीख चुकली. आणि आपण हसलात. याला राजकीय मजबुरी म्हणत नाहीत. याला निलाजरेपणा म्हणतात.

अर्जदार सावरतो. अर्जाची भाषा नम्र असावी लागते.

कायदा आपलाच आहे, हे फक्त आठवणीसाठी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, केंद्राने 1994 ला. केंद्राच्या कायद्यातल्या कलम 22 नुसार लिंगनिवडीची जाहिरात करणं हा गुन्हा, आणि जाहिरातीच्या व्याख्येत फलक आणि भिंतीच नाहीत, ध्वनी आणि प्रकाशही आहेत, इतकंच काय धूर आणि वायूसुद्धा. धुराचा विचार केलेला हा कायदा कर्ण्याशी मात्र अडखळला. महाराजांनी दिलगिरीचं पत्र काढलं. जून 2020 मध्ये खटला दाखल केला तो एका सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने. मार्च 2021 मध्ये संगमनेरच्या सत्र न्यायालयाने कारवाई रद्द केली, जून 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती पुन्हा उभी केली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराजांचं अपील फेटाळलं. या सगळ्या वाटेवर चिकाटीने उभ्या राहिल्या त्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्या ॲड. रंजना पगार-गवांदे. पगारी डॉक्टर उभा राहिला, बिनपगारी कार्यकर्ती उभी राहिली. ज्यांना मतं देऊन उभं केलं होतं ते सगळे बसून होते.

बसून होते हेही पूर्ण खरं नाही. आपल्यातले बरेच जण महाराजांच्या समर्थनासाठी चांगले ताठ उभे राहिले, आणि त्यात पक्षभेद अजिबात नव्हता. सत्तेतले होते तसे विरोधातलेही होते. 2019 च्या सप्टेंबरात भाजपची महाजनादेश यात्रा संगमनेरला आली तेव्हा महाराज मुख्यमंत्र्यांच्या व्यासपीठावर दिसले. पूरग्रस्तांसाठी धनादेश द्यायला गेलो होतो, निवडणूक लढवायची नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तरी तिकिटाच्या बातम्या काही दिवस थांबेनात. सरकार बदललं. 2021 च्या नोव्हेंबरात महाराजांनी आपण कोरोनाची लस घेतली नाही आणि घेणारही नाही असं जाहीर केलं, तेव्हा दुसऱ्या आघाडीचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी महाराजांशी बोलू, एवढंच म्हटलं. आशाताई तेव्हा दारोदार लशीसाठी हातापाया पडत फिरत होत्या.

म्हणून अर्जदार कुठल्या एका झेंड्याकडे बोट दाखवत नाही. जादूटोणाविरोधी विधेयक 2005 मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात, आणि परिषदेत अडकून राहिलं तेही त्यांच्याच राज्यात. शिवसेना-भाजपचा विरोध होता, वारकऱ्यांमधल्या काही महाराजांचाही होता. दर अधिवेशनात ते सोयीस्कर विसरलं जाई. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अध्यादेश चार दिवसांत निघाला. जे सरकारला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते चार दिवसांत जमलं. बायकांना मज्जाव असलेल्या शनि-शिंगणापूरच्या चौथऱ्याचंही तेच. त्यासाठी दाभोलकर 2000 साली निघाले होते, बायका चौथऱ्यावर गेल्या 2016 च्या पाडव्याला, आणि तेही न्यायालयाने कान पिळल्यावर. मधली सोळा वर्षं जिल्ह्यातल्या एकाही पुढाऱ्याला हा प्रश्न आपला वाटल्याचं अर्जदाराच्या कानावर नाही. शेजारच्या औरंगाबादेत 2018 मध्ये केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह डार्विन चुकीचा असल्याचं सांगून गेले. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलं नाही. त्या मानाने आपण बरे. आपण काही बोलत नाही, नुसती मान हलवता.

आणि 2024 च्या निवडणुकीच्या तोंडावर देशी गाय राज्यमाता-गोमाता झाली, त्याचंही अर्जदाराने स्वागत केलं. त्याच्या गोठ्यात मात्र संकरित होल्स्टिन आहे. कॅन तीच भरते. तिला अजून कुठलंच पद मिळालेलं नाही.

आपण अडाणी आहात असं अर्जदाराला वाटत असतं तर त्याने शाई वाया घालवली नसती. याच जिल्ह्यात लोणी-प्रवरानगरला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. एक शेतकरी आणि एक अर्थशास्त्रज्ञ. आज आपले कारखाने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीला महात्मा फुल्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. बॉयलर पेटवताना पूजा होते, व्हावी. पण साखर उतारा किती बसला हे आपण भटजींना विचारत नाही, प्रयोगशाळेला विचारता. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर रात्री झोप लागत नाही आपल्याला. मुलींचा आकडा 884 वरून 852 वर घसरला तेव्हा कुठल्या वार्षिक सभेत गोंधळ झाला?

आता लग्नाला पोरगी मिळेना म्हणून आपल्याकडे शिफारशी येतात. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. नवरदेवांना कळलं ते पुढाऱ्यांना कळायला हरकत नव्हती.

तरीही, महोदय, अर्जदाराला आपली दया येते, आणि हे उपरोधाने लिहिलेलं नाही. सप्त्याला न जाणारा पुढारी गावात संपतो. गेलात, बसलात आणि मान हलवली नाही, तर दुसऱ्या दिवशी विरोधकाचा माणूस पारावर सांगतो की साहेबांना आता वारकरी चालत नाहीत. गावाला एकत्र बसवणारी दुसरी जागा आपणच शिल्लक ठेवलेली नाही. सोसायटीची सभा पाच मिनिटांत उरकते, ग्रामसभा कागदावरच होते. सात दिवस जात-पात, भाऊबंदकी विसरून एका पंगतीला बसणारा गाव फक्त सप्त्यात दिसतो. तिथे नकारार्थी मान हलवायला छाती लागते, आणि छाती काही आमदार निधीतून मिळत नाही. नेवाश्याच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत उघडला, नवसाने पोरं होतात या समजुतीची तुकोबांनी अभंगातच टर उडवली. विचार करायला लावणारा मंडप हीसुद्धा आपलीच परंपरा आहे, पण ती सांगायची कुणी? महाराजांना सुपारी आहे आणि आपल्याला निवडणूक.

तरी विनंती अगदी किरकोळ आहे. दाभोलकर व्हा असं अर्जदार म्हणत नाही, त्याची किंमत त्याला ठाऊक आहे. काल्याच्या कीर्तनानंतर आपला शाल-नारळ देऊन सत्कार होतो आणि दोन मिनिटं माईक हातात येतो. तेवढ्यात सांगा की मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं, तारखेवरून नाही, आणि यापुढे या गावात मुलगी झाली म्हणून कुणी सुनेला बोलायचं नाही. हवं तर कालवडीचा दाखला द्या, लोकांना तो लगेच पटेल. मग सभामंडपाला निधी जाहीर करा, टाळ्यांची सोय होईल. भाषण अर्जदार लिहून देईल, खर्च मागणार नाही.

कळावे,
अर्जदार
(एक दूध उत्पादक सभासद)

प्रत माहितीसाठी : आपले विरोधक, शेजारची खुर्ची, तोच सोफा. दोघांनी एकाच रात्री बोलावं असा अर्जदाराचा प्रस्ताव आहे, म्हणजे पारावर कुणाविरुद्ध सांगायला काही उरणार नाही. आधी कोण बोलणार यावर एकमत होत नसेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात.