आशीर्वाद हवा, शेजार नको

लोकलच्या डब्यात टाळी वाजते. खिडकीजवळचा माणूस मोबाइलमधून मान वर न करता दहाची नोट काढतो आणि बोटाला बोट लागू नये अशा बेताने वरूनच तळहातावर सोडतो. तोच हात आशीर्वादासाठी डोक्यावर आला, की मान मात्र झुकवतो.

तृतीयपंथीयांशी आपला सगळा व्यवहार या दहा रुपयांत आटोपतो. वर आपण म्हणायला मोकळे, ‘आता कुठे कोण त्यांना त्रास देतं?’ त्रास न देणं ही काय मेहेरबानी झाली? प्रश्न आहे तो शाळेतल्या बाकाचा, नोकरीचा आणि भाड्याच्या खोलीचा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या खटल्यात त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास माना, शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण द्या, असंही सरकारांना बजावलं. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्यात आरक्षणाचं नावही नव्हतं. उलट तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला त्यात शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला तेव्हाही किमान दहा वर्षं होती. भेदभाव थांबवायला केलेल्या कायद्यातच हा भेदभाव!

आपल्याकडचं बघा. पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय. अर्जच भरता येत नाही, तर मैदानावर धावून दाखवायचं कधी? उमेदवार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये गेले, तिथे त्यांच्या बाजूने आदेश झाला, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात! डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने कान उपटले, तेव्हा कुठे अर्जात तिसरा पर्याय आला. ‘नालसा’ला तोवर आठ वर्षं उलटली होती.

नोकरी मिळाली म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. कोची मेट्रोने २०१७ साली २३ तृतीयपंथी कर्मचारी घेतले. देशभर कौतुक झालं. पण थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या काहींनी काम सोडलं, कारण त्यांना भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नव्हतं आणि रोजचं लॉजचं भाडं पगारात भागेना. मेट्रोने नोकरी दिली, शहराने दार लावून घेतलं.

आपल्या सोसायट्यांत तरी वेगळं काय घडतं? ‘आमचं काही नाही हो, पण बाकीच्या मेंबरांना चालणार नाही.’ जो तो हेच म्हणतो. मग ज्याला चालत नाही, तो नेमका राहतो कुठल्या मजल्यावर? बारशाला, लग्नाला, दुकानाच्या उद्घाटनाला त्यांनी यावं, दुवा द्यावी आणि जावं. तेच डिपॉझिटचे पैसे घेऊन आले, तर फ्लॅट कालच गेलेला असतो.

२०११च्या जनगणनेत त्यांच्यातली साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, देशाची ७४. वर्गात चिडवून पोर शाळेबाहेर, घरच्यांनी हाकललं की रस्त्यावर. आणि सिग्नलला टाळी ऐकली की आपणच विचारतो, ‘हातीपायी धड आहेत, काम का करत नाहीत?’

शेजारच्या कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. महाराष्ट्रातले तृतीयपंथी उमेदवारही तेच मागत आले आहेत. ते त्यांना मिळायलाच हवं. शाळेत चिडवणाऱ्याला शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवायला हवं. पण कायदा आणि सरकार काही तुमच्या सोसायटीच्या सभेला येऊन बसणार नाहीत. तिथे तुम्ही असता. पुढच्या वेळी ‘मेंबरांना चालणार नाही’ असं कुणी म्हणालं, की हात वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा : मी मेंबर आहे, मला चालतं. माझ्या शेजारचा फ्लॅट द्या.