झाडाला होडी आदळू नका

माझी तक्रार लहान आहे, पण ती मी गंभीरपणे करतो आहे. दिंद्रुडहून तेलगावमार्गे माजलगावच्या धरणावर गळ टाकायला जाणारी नवी मंडळी पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांपाशी होडी नेतात, दाणकन खोडाला आदळवतात आणि मग तासभर ‘आज मासाच नाही’ म्हणत बसतात. मासा होता. होडी आदळेपर्यंत तो तिथंच होता.

हे धरण सिंदफणा नदीवर आहे. १९८७ साली ते पूर्ण झालं. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा, त्यामुळे पैठणच्या उजव्या कालव्यातून १३२ किलोमीटर वाहत गोदावरीचं पाणीही इथं येतं. उपयुक्त साठा ३१२ दलघमी आणि त्याखाली मृतसाठा १४२ दलघमी. मराठवाड्यातला पाऊस बेभरवशाचा, म्हणून पाणी एखाद्या वर्षी काठोकाठ असतं, तर एखाद्या वर्षी पार मृतसाठ्यात जातं. फुगवट्याच्या काठची जमीन कधी रान असते, कधी तळ्याचा तळ. रान असताना तिथं वेडी बाभूळ माजते. पाणी चढलं की ती उभ्या उभ्या बुडते, वाळते आणि तिच्या फांद्या पाण्याबाहेर दिसत राहतात.

लोकांना ते वाळकं लाकूड वाटतं. माशाला तिथं सगळं मिळतं. बुडालेल्या फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळात किडे राहतात, बुंध्याशी झिंगा असतो. वरून पाणकावळा बुडी मारतो तेव्हा काट्यांच्या जाळीत लपायला जागा असते आणि उन्हात सावली असते. चिलापी अशा जागा सोडत नाही. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. वेडी बाभूळ मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. दोघींची गाठ आता आपल्या पाण्यात पडली आहे आणि त्या गाठीचा फायदा घ्यायचा तर थोडं शिकावं लागतं.

उत्तर अमेरिकेत हे शिकणं लोक मनावर घेतात. तिकडे क्रॅपी नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे, तोही बुडालेल्या झाडांत थव्यानं राहतो. टेनेसी राज्यातलं रीलफूट तळं १८११–१२च्या भूकंपांत जमीन खचून तयार झालं. त्यात बुडालेल्या जंगलाचे बुंधे आजही आहेत आणि तिथं क्रॅपी धरायला लोक होडीनं जातात. आपल्याकडची पोरं मोबाईलवर असल्या मासेमारीचे व्हिडिओ बघतात. त्यातून ती काय उचलतात, तर महागडी काठी आणि रंगीत चक्री. होडी किती सावकाश नेली, झाडापासून किती अंतरावर थांबवली, हे त्यांना दिसत नाही. माझ्या तक्रारीचं मूळ तिथं आहे.

पहिली तक्रार येण्याची. इंजिन असेल तर ते झाडांपासून लांबच बंद करावं आणि पुढचं अंतर वल्ह्यानं कापावं. वल्हं पाण्यात घालायचं, आपटायचं नाही. वाऱ्याच्या तोंडावर जावं. म्हणजे वारा होडीला मागं रेटतो, ती झाडावर जाऊन पडत नाही आणि वेग आपल्या हातात राहतो. वारा पाठीवर घेऊन जाणाऱ्याची होडी त्याच्या मनात असो वा नसो, खोडावर आदळतेच.

दुसरी तक्रार बांधण्याची. ज्या झाडाशी गळ सोडायचा त्याच झाडाला नवखा माणूस दोर बांधतो. दोर ओढला की झाड हलतं, वाळक्या फांद्या मोडून पडतात, बुंध्याशी गाळ उठतो. दोर शेजारच्या झाडाला बांधावा आणि काठी पुढं करून पलीकडच्या झाडाशी गळ सोडावा. झाड लांब असेल तर नांगराचा दगड हातानं अलगद खाली सोडावा. तो धपकन टाकणाऱ्यांना मी आजवर अनेकदा सांगितलं आहे आणि पुन्हा सांगतो.

तिसरी तक्रार आवाजाची, आणि इथं लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात. एकमेकांना गप्प बसवतात आणि त्याच वेळी जेवणाचा डबा होडीच्या तळावर आपटतात. आपण हलक्या आवाजात बोललो तर तो आवाज बराचसा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. होडीच्या तळाला बसलेला दणका मात्र सरळ पाण्यात उतरतो, आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो. म्हणून बोला, पण पाय आपटू नका. होडीच्या तळाशी जुनं पोतं अंथरा. बिनखर्चाचा उपाय आहे, तरी कुणी करत नाही.

चौथी तक्रार गळ फेकण्याची. झाडांत लांबवर फेकलेला गळ फांदीतच जातो. इथं फेकायचंच नसतं. आठ-दहा फुटांची बांबूची काठी, काठीच्या लांबीइतकंच तंगूस, बारीक गळ, त्याच्या वीतभर वर हरभऱ्याएवढं शिसं आणि ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तरंगता तुकडा, एवढं पुरतं. गळ खोडाच्या सावलीच्या बाजूला सरळ खाली सोडायचा. आधी कमी खोलीवर काही वेळ थांबायचं, मग भेंड वर सरकवून वीत वीत खाली जायचं. मासे तळाशीच असतात हा समज सोडा. झाडाच्या आधारानं ते मधल्या पाण्यातही थांबतात, आणि त्यांच्या खाली गेलेला गळ त्यांना दिसतोच असं नाही. एका झाडाशी काही लागलं नाही तर दुसऱ्याकडे जावं. चिडून त्याच झाडावर दिवस काढू नये.

पाचवी तक्रार गळाच्या आकाराची. चिलापीचं तोंड लहान असतं. तालुक्याच्या दुकानात मोठा गळ पुढं केला जातो आणि नवखा तो घेऊन येतो, कारण मोठ्या गळाला मोठा मासा लागेल अशी त्याची समजूत असते. लहान मासा मोठ्या गळाचं गांडूळ कुरतडून नेतो आणि भेंड नुसतं थरथरतं. बारीक, पातळ तारेचा गळ घ्या, गांडुळाचा तुकडा किंवा कणकेची गोळी गळाचं टोक झाकेल एवढीच लावा. भेंड बुडालं की मनगट हलकेच उचला. दोन्ही हातांनी हिसका मारणाऱ्याचा गळ माशाच्या ओठातून सुटतो आणि डोक्यावरच्या फांदीत जाऊन बसतो.

तिथून सहावी तक्रार सुरू होते. अडकलेला गळ ओढू नका. ओढल्यानं तो लाकडात आणखी रुततो, झाड गदागदा हलतं, आणि सुटलाच तर तोंडावर येतो. तंगूस सैल सोडा, होडी गळाच्या बरोबर वर न्या आणि उलट्या दिशेनं हळूच उचला. पातळ तारेचा गळ असेल तर तो वाकून सुटतो. नाहीच सुटला तर जितकं खाली हात पोहोचेल तिथं तंगूस कापा.

हवा भरलेल्या ट्यूबवर बसून या झाडांत शिरणाऱ्यांवर माझा राग वेगळा आहे. वेड्या बाभळीचा काटा ट्यूब फोडतो आणि पाण्याखालचा काटा वरून दिसत नाही. तिथं होडीच हवी, अंगात लाईफ जॅकेट हवं, आणि होडीत कुणी उभं राहू नये. भोई मंडळींची जाळी झाडांच्या कडेनं लावलेली असतात. त्यांच्यावरून होडी घालू नये, जाळ्याच्या दोराला होडी बांधू नये. मत्स्यबीज सोडण्यापासून राखणीपर्यंत ज्यांचे हात लागतात त्यांची परवानगी आधी घ्यावी. त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी सकाळभर बसलं तर मी वर लिहिलेलं सगळं न बोलता कळतं.

मरळीबद्दलही सांगायला हवं. झाडांच्या उथळ कडेला कधी तांबूस-नारिंगी पिलांचा गुच्छ पाण्याच्या वरच्या थरात सरकताना दिसतो. ती मरळीची पिलं, आणि पालक मासे त्यांच्या खालीच राखण करत असतात. राखणीवरचा मासा जवळ आलेल्या कशावरही धावतो, म्हणून तो सहज गळाला लागतो, आणि तो उचलला की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. असा मासा धरून फोटो काढणाऱ्यांचं कौतुक गावात थांबलं पाहिजे.

शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. फांद्यांना लोंबकळत ठेवलेलं तंगूस. नायलॉनचं ते, वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळे, पाणकावळे त्याच फांद्यांवर उतरतात, त्यांच्या पायात, पंखात ते गुंडाळतं आणि पक्षी उलटा लटकून मरतो. पुढच्या पाण्यात तेच तंगूस भोयाच्या जाळ्यात गुंततं आणि त्याची अख्खी सकाळ ते सोडवण्यात जाते. मासा मिळाला नाही तर नुकसान एकट्याचं. हे नुकसान इतरांच्या माथी पडतं. म्हणून नवख्याला होडीत घेणाऱ्या प्रत्येकाकडे माझं एकच मागणं आहे: त्याच्या हातात काठी देण्याआधी एक छोटी कात्री आणि रिकामा डबा द्या. फांदीवर दिसेल तेवढं तंगूस कापून डब्यात भरायचं, दुसऱ्यानं सोडलेलंसुद्धा, आणि गावात परत आणायचं. एवढं करायला जो तयार नाही, त्याला झाडांपाशी नेऊच नका.